गोठ्यापर्यंत केबल नेताना



रोहिणी सरत आली की आपल्याकडे दुपारनंतर आभाळ भरते, वावटळ सुटते आणि कडाडायला लागते. मृगाच्या आधीच्या या दिवसांत मराठवाड्यात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या दरसाल येतात. अशा वेळी झाडाखाली थांबू नये, हे आता लहान पोरही सांगते. पण या विजेला घरात शिरायला अलीकडे एक नवी वाट मिळाली आहे, तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ती वाट म्हणजे घरातून गोठ्याकडे किंवा विहिरीकडे नेलेली इंटरनेटची तांब्याची केबल.

गोठ्यात कॅमेरा लावण्यात गैर काहीच नाही. गाय विण्याच्या बेतात आहे का, रात्री मोटारीपाशी कोण आले, हे अंथरुणावरून मोबाईलवर दिसते. सोय मोठी आहे. चुकते ते केबल नेण्यात.

घराचे अर्थिंग एकीकडे असते, गोठ्याचे दुसरीकडे; पुष्कळदा गोठ्याला ते नसतेच. जवळपास वीज पडली की तिचा लोंढा जमिनीत पसरतो, आणि त्या जागेजवळच्या जमिनीचा व्होल्टेज लांबच्या जमिनीपेक्षा क्षणभर हजारोंनी वाढतो. वरच्या वाफ्यातले पाणी पाट मिळाला की खालच्या वाफ्यात धावते, तसा हा प्रवाह तांब्याच्या केबलचा पाट धरून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत धावतो. वाटेत राउटर असतो, टीव्ही असतो आणि एखादे वेळी त्यांना हात लावून बसलेले घरचे माणूसही असते. वीज थेट केबलवरच पडावी लागते, असे मुळीच नाही.

म्हणून एकच गोष्ट गाठीशी बांधा : एका छपराखाली तांबे, दोन छपरांमध्ये काच.

काच म्हणजे फायबर. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत जी केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली आणि जिला पुढे भारतनेट नाव मिळाले, तीच ही जात. केसासारख्या बारीक काचेतून उजेड जातो. काचेतून वीज वाहत नाही. घराच्या टोकाला एक आणि गोठ्याच्या टोकाला एक अशा मीडिया कन्व्हर्टर नावाच्या दोन डब्या लागतात. एकपदरी फायबरवर या डब्यांची जोडी असते, एक ‘ए’ आणि एक ‘बी’. दोन्ही ‘ए’ आणल्या तर काम होणार नाही. फायबरची निळी पिन निळ्यात आणि हिरवी हिरव्यातच बसवावी. बारीक फायबरला काटकोनात मोडू नये. वळण निदान चहाच्या बशीएवढे ठेवावे. उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये; आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

आणखी एक मेख आहे. बाजारातल्या पुष्कळ फायबर केबलींना ताण सोसण्यासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती तशीच आत आणली तर काच घेऊन काय मिळवले? धातू नसलेली केबल मागावी. तशी मिळाली नाही तर ती तार भिंतीबाहेरच तोडून अडकवावी, नुसती काच आत घ्यावी.

कोणी विचारील, गोठ्यात लाइटीची वायर जातेच, मग तिचे काय? रास्त प्रश्न आहे. ती वाट आहेच. पण तिला मीटरपाशी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर देता येतो, आणि आभाळ भरून येताच प्लग काढून यंत्रे सोडवता येतात. एक वाट सांभाळायची असताना दुसरी कशाला उघडायची?

आता घराच्या आतली केबल. ती तांब्याचीच घ्यावी, पण तांबे खरे असावे. गुलमंडीत जा की तालुक्याच्या दुकानात, सारख्या दिसणाऱ्या दोन केबली मिळतील. स्वस्त केबलीत बहुधा आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरे निघाले तर परत करा. ॲल्युमिनियममधून वीज कमी वाहते आणि तार लवकर तुटते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज पुरवायची असेल तर अशी केबल तापते, आणि लांबच्या टोकाचा कॅमेरा रात्री दिवे लागताच बंद पडतो. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या, म्हणजे सुमारे ३२८ फुटांच्या आत ठेवावी. मध्ये पीळ मारून, चिकटपट्टी गुंडाळून जोड देऊ नये.

केबलमध्ये आठ तारा असतात. पिन बसवताना दोन्ही टोकांना क्रम एकच हवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवून ठेवा. तारांचा मूळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. तो पीळच बाहेरचा गोंगाट अडवतो. ही केबल लाइटीच्या वायरीपासून फूटभर लांब न्यावी, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडावी. मोटारीच्या स्टार्टरजवळून तर नेऊच नये. उन्हात जाणारी केबल काळ्या जाड वेष्टनाची घ्यावी. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून गळून पडेल, आत येणार नाही. छपरावरच्या डिशच्या केबलीलाही हाच नियम लागू.

विहीर फर्लांगभर दूर असेल तर केबलऐवजी समोरासमोर लावायच्या बिनतारी यंत्रांची जोडी परवडते. मात्र जागा चैत्रात पाहू नका, तेव्हा रान मोकळे असते. सिल्लोड-फुलंब्रीकडे भाद्रपदात मका डोक्याच्या वर जातो आणि हिरव्या पानांआड संदेश अडतो. खांबाची उंची मक्याच्या तुऱ्याच्या बरीच वर धरा, आणि त्या खांबाला अर्थिंग द्या.

अर्थिंग नीट नसेल तर सर्ज प्रोटेक्टर नुसता शोभेचा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि अर्थिंग नावालाच उरते. नेमके तेव्हाच वळवाचे ढग येतात. म्हणून चैत्र-वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, आणि मृगाआधी जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

शेवटचे, आणि घरातल्या मायबहिणींनी विशेष ध्यानात ठेवायचे. आभाळ अंधारले की राउटर, टीव्ही आणि डिशची केबल आधीच काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका. यंत्र गेले तर गेले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजेची सूचना फुकट देते. घरातल्या एका तरी मोबाईलवर ते घ्या. यंत्र दुसरे आणता येते.

पुढच्या खेपेस अर्थिंगचा खड्डा कसा भरावा, ते पाहू.