व्यवसायोपचारकांचे हात बांधू नका

अपघात, पक्षाघात, कुष्ठरोग किंवा मानसिक आजाराने ज्याचे रोजचे जगणे अडले, त्याला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावे, कामावर जाता यावे, यासाठीचा उपचार म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. १९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. हा व्यवसाय आपल्याकडे नवा नाही. तरीही तो करणाऱ्यांना कामात समाधान मिळते काय, हे कोणी विचारत नाही. कष्टकरी समाजाने ते विचारले पाहिजे. कारण हात हेच ज्याचे भांडवल, त्याचेच यात नुकसान आहे.

आम्हा वकिलांना टक्केवारीची भाषा येते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला की कमाईची शक्ती ३० टक्के घटली, असे धरले जात आले. हमालाचा अंगठा असो की शिवणकाम करणाऱ्या बाईचा, आकडा एकच! व्यवसायोपचारक मात्र विचारतो, "या हाताने तुम्ही काय करत होता?" त्याची सर्जनशीलता तिथून सुरू होते. बधिर हात भाजू नये म्हणून भांड्याला लाकडी मूठ बसवायची, पकड सुटते म्हणून चमच्याला सायकलची ट्यूब गुंडाळायची, ओटा नसलेल्या घरात एका हाताने स्वयंपाक कसा होईल ते शोधायचे. ही कल्पकता म्हणजे हौस नव्हे, तोच उपचार आहे.

जिथे रांग मोठी, साहित्य अपुरे आणि प्रत्येकाला तेच ठरलेले व्यायाम, तिथे उपचारकाचे मन मरते आणि रुग्णाच्या घरी काहीच बदलत नाही. लादलेल्या धंद्यात माणसाचे मन नसते आणि मनाविना कार्यक्षमता येत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. जातीचा धंदा आणि शिकून निवडलेला व्यवसाय एक नव्हेत. पण निवडलेल्या व्यवसायातही विचार करण्याची मोकळीक काढून घेतली, तर दुसरे काय होणार?

शासन म्हणेल, पैसा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २७ ने पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली खरी, पण आर्थिक क्षमतेची अट घालून पळवाटही ठेवली. सायकलच्या ट्यूबला असा किती पैसा लागतो? लागतो तो वेळ, साधने बनवायला एक खोली आणि निर्णयाचा अधिकार. २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने या व्यवसायाला मान्यता दिली. मान्यतेने नोंदणी मिळते, समाधान नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. रिक्त पदे भरा, रुग्णाच्या घरची भेट कामाच्या तासांत धरा, किरकोळ साहित्याचा खर्च उपचारकाच्या हाती द्या. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकावा : व्यवसायोपचारकांची पदे किती मंजूर, किती भरलेली? लढ्याची सुरुवात या एका अर्जाने होऊ शकते.