लख्ख ज्योतीवर भुलू नका

हिवाळ्याच्या तोंडावर न्यू इंग्लंडमधल्या घराघरांत तेलकंपनीचा मेकॅनिक तळघरात उतरतो. फिल्टर आणि नॉझल बदलतो, काजळी व्हॅक्यूमने ओढून काढतो, बर्नर लावून झरोक्यातून ज्योत बघतो आणि पुढच्या घरी जातो. मेनमधली जवळपास निम्मी घरं अजून तेलावरच ऊब धरतात. मॅसॅच्युसेट्स-कनेक्टिकटमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींनाही ही वार्षिक भेट ठाऊक असेल. माझं म्हणणं असं, की ही झाली साफसफाई. बर्नर जुळवायचं काम अजून बाकीच आहे.

नॉझलवर ०.८५ लिहिलेलं असतं. म्हणजे तासाला इतके गॅलन तेल, पण पंपाचा दाब १०० पीएसआय असेल तर. दाब १४० असला की तेच नॉझल तासाला जवळजवळ १ गॅलन फवारतं. तेलाचं प्रमाण बदललं की हवेचं गणित नव्याने मांडावंच लागतं, आणि ते डोळ्यांनी सुटत नाही. हवा जादा झाली तर ज्योत उलट लख्ख दिसते. धूर नाही, वास नाही. फक्त तुमच्या पैशाची ऊब चिमणीतून वर निघून जाते.

खरी पद्धत अशी: आधी चिमणीची ओढ मापून ठीक करायची. मग धुराच्या पाइपला पाडलेल्या भोकातून हातपंपाचे दहा झटके मारून धूर पांढऱ्या गाळणकागदातून ओढायचा आणि डाग ० ते ९ च्या पट्टीशी ताडायचा. पुसटसा डाग येईपर्यंत हवा कमी करायची आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा. समजा तो साडेतेरा टक्के भरला, तर हवेची झडप किंचित उघडून बारापर्यंत उतरवायचा. आता कागद कोरा निघाला पाहिजे. मधला दीड टक्का ही सवड असते. ऐन थंडीत थोडं इकडंतिकडं झालं तरी बॉयलर काजळी धरत नाही.

हल्ली तेल स्वच्छ झालंय, मग एवढा खटाटोप कशाला, असं काही जण विचारतात. २०१८ पासून या राज्यांत तेलातलं गंधक १५ पीपीएमवर आलं आणि बॉयलरमधली पुटं कमी झाली, हे खरं. पण हवेच्या कमतरतेने धरणारी काजळी गंधकाला विचारून येत नाही.

मेकॅनिकला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गॅलनमागे चार सेंटांसाठी आपण घासाघीस करतो, पण मोजणीचा कागद मागत नाही. मग उपकरण गाडीतच राहतं.

हवेच्या स्क्रूला स्वतः हात लावू नका. बर्नर बंद पडला तर रीसेटचं लाल बटण एकदाच दाबा. पुन्हा पुन्हा दाबलंत तर न जळलेलं तेल भट्टीत साचतं आणि पेटताना भडका उडून घरभर काजळी होते. तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. धूर, कार्बन डायऑक्साइड, ओढ, धुराचं तापमान आणि कार्यक्षमता हे पाच आकडे लेखी घ्या आणि बॉयलरलाच अडकवून ठेवा. पुढच्या वर्षी सफाईआधी धुराचं तापमान बरंच चढलेलं दिसलं, तर आत काजळी धरलीय का, हा पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.

— कारागीर