शिवी पुसली, वर्णद्वेषाचे काय?

चित्रपटातील पात्राच्या तोंडी कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द असेल तर तो कापावा की ठेवावा, हा वाद अमेरिकेत पुन्हा पुन्हा उफाळून येतो. एक पक्ष सभ्यतेचा कैवार घेतो, दुसरा कलास्वातंत्र्याचा. कात्री कोणाच्या हाती आहे आणि ती कोणाच्या हितासाठी चालते, या मूळ प्रश्नाला मात्र दोघेही बगल देतात.

'द फ्रेंच कनेक्शन' या १९७१ सालच्या चित्रपटाचे उदाहरण घ्या. पोपाय डॉईल हा न्यूयॉर्कचा पोलीस त्याचा नायक. कर्तबगार, हिंस्र आणि उघड वर्णद्वेष्टा. जखमी सहकाऱ्याशी बोलताना तो कृष्णवर्णीयांविषयी तो कुप्रसिद्ध शब्द उच्चारतो. २०२३ साली इंटरनेटवरून दाखवल्या गेलेल्या प्रतीतून हे काही सेकंदांचे संभाषण, प्रेक्षकांना कोणतीही सूचना न देता, गाळलेले आढळले. चित्रपटाची मालकी तोवर डिस्नेकडे गेली होती. २०१९ साली या कंपनीने सुमारे ७१ अब्ज डॉलर मोजून फॉक्सचा चित्रपट व्यवसाय गिळंकृत केला होता.

या काटछाटीने काय साधले? कृष्णवर्णीयांच्या बारमध्ये घुसून त्यांना भिंतीशी उभे करणारा, संशयितांना बडवणारा डॉईल पडद्यावर कायम राहिला. त्याची शिवी तेवढी गेली. म्हणजे मार राहिला आणि त्यामागची मनोवृत्ती पुसली गेली! २०२० साली मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉईड पोलिसाच्या गुडघ्याखाली गुदमरून मेला. त्यानंतर तीनच वर्षांनी एका पोलिसाच्या मुखातील सत्य वगळले जावे, याला वर्णद्वेषविरोध म्हणावयाचे काय? ही तर मालाची डागडुजी झाली.

उलट बाजूचा दाखला १९३९ सालचा आहे. 'गॉन विथ द विंड' तयार होत असताना कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे आणि एनएएसीपी ही त्यांची संघटना यांनी तीव्र विरोध केला आणि निर्माता सेल्झनिक याला तोच शब्द संवादांतून काढावा लागला. तो विजय संघटित जनमताचा होता. त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु गुलामगिरी म्हणजे प्रेमळ मालक आणि समाधानी गुलाम यांचे सुखी कुटुंब, हे चित्रपटाचे असत्य जसेच्या तसे राहिले. अटलांटातील पहिल्या खेळाला हॅटी मॅकडॅनिएल ही त्यातील कृष्णवर्णीय अभिनेत्री वर्णभेदामुळे जाऊ शकली नाही. १९४० साली ऑस्कर स्वीकारण्यासाठी ती आली, तेव्हा तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आले. शब्द गेला होता. व्यवस्था जागच्या जागी होती.

आमचे काही मित्र विचारतील, "म्हणजे शिव्या खुशाल चालू द्याव्यात?" मुळीच नाही. प्रेक्षकाला हसवण्यासाठी, दुबळ्यांची टिंगल करण्यासाठी घातलेल्या शिवीचा निषेध झालाच पाहिजे. ज्याला तो शब्द झेलावा लागतो त्याची वेदना खरी असते आणि तिच्यापुढे कलास्वातंत्र्याची पोकळ भाषा शोभत नाही. परंतु अन्याय करणाऱ्याचे तोंड उघडे पाडणारी शिवी पुसणे म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावा नष्ट करणे होय.

२०२० साली एचबीओ मॅक्सने 'गॉन विथ द विंड' काही दिवस मागे घेतला आणि जॅकलिन स्ट्युअर्ट या कृष्णवर्णीय अभ्यासिकेचे प्रास्ताविक जोडून पुन्हा दाखवला. कंपनीने हे धर्मबुद्धीने केले असे मानण्याइतके आपण भाबडे नाही. रस्त्यावरील आंदोलनाचा तो रेटा होता. तरीही हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. तो इतिहास दडवत नाही, त्याचा जाब विचारतो.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन करणाऱ्या तरुणांनी आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. अपमानाचे हे नाते त्यांनी ओळखले होते. म्हणूनच हा वाद आपल्याला परका नाही. शब्द बदलला की समाज बदलला, अशी समजूत करून देणे प्रस्थापितांना स्वस्त पडते. जमीन, रोजगार आणि पोलीस ठाण्यातील न्याय यांचे वाटप बदलणे त्यांना महाग पडते. अपमानित माणसाने शब्द मागे घ्यायला लावला, तर ती चळवळ असते. मालकाने तो गुपचूप पुसला, तर तो व्यापार असतो. हा भेद कार्यकर्त्यांनी विसरू नये.