सहीचा रकाना काढून टाका

शनिवार-रविवार सॉकर, भरतनाट्यम, मराठी शाळा आणि कुणाच्या तरी वाढदिवसात जातो. रविवारी रात्री साडेनऊला फ्रिजवरच्या लोहचुंबकाखालचा कागद निघतो: तारीख, पुस्तक, मिनिटं आणि शेवटी पालकांची सही. सहावीतलं मूल आठवडाभराची वीस-वीस मिनिटं एका बैठकीत भरतं. जरा धोरणी असेल तर मधेच पेन बदलतं, रोज लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. आई डिशवॉशर लावता लावता सही ठोकते. खोटं दोघांनाही कळतं, दोघंही गप्प बसतात.

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रसंग घडतो, आणि दोष मुलाला दिला जातो. खरा दोष कागदाचा आहे. वाचनाची नोंद म्हणून जे घरी येतं तो असतो हजेरीपट.

पालकांची काळजी मात्र खोटी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत २०१२ साली तेरा वर्षांच्या मुलांपैकी २७ टक्के जवळजवळ रोज आवडीने वाचत होती. २०२३ साली तेवढं सांगणारी १४ टक्केच उरली. आकडा घसरला की पकड घट्ट करावीशी वाटते. पण त्याच २०१२ साली प्रसिद्ध झालेला पाक आणि वेस्ली यांचा अभ्यास सांगतो की सक्तीची वाचननोंद ठेवणाऱ्या मुलांची वाचनाची आवड कमी झाली, आणि ऐच्छिक नोंद ठेवणाऱ्यांची वाढली. ती मुलं दुसरी-तिसरीतली होती, हे खरं. पण सात वर्षांच्या मुलाला जी पाळत नकोशी होते, ती तेरा वर्षांच्या मुलाला गोड वाटेल असं मानायला काही आधार दिसत नाही.

नोंद ठेवूच नये, असा याचा अर्थ नाही. चार्ल्स डार्विनने १८३८ पासून वीसेक वर्षं वह्या ठेवल्या: वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं. काहींपुढे नुसतं ‘चाळलं’ एवढंच आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपरीक्षण पुरवणीच्या माजी संपादक पामेला पॉल यांनी शाळेत असताना, १९८८ साली, वाचलेल्या पुस्तकांची वही सुरू केली आणि पुढे त्या वहीवरच पुस्तक लिहिलं. या वह्यांवर कुणाची सही नव्हती.

तेव्हा मुलाला एक कोरी वही द्यावी आणि ती उघडून बघायची नाही, असं कबूल करावं. पुस्तकाचं नाव, तारीख आणि वाटलंच तर एक ओळ. अर्धवट टाकलेलं पुस्तकही त्यात यावं, ‘पान ४०, कंटाळा’ अशा शेऱ्यासकट. वाचकाला पानं गाळायचा आणि पुस्तक अर्ध्यावर सोडायचा हक्क आहे, हे फ्रेंच शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ सालीच सांगून ठेवलंय. दहा शेरे साठले की कुठलं पुस्तक आपल्याला झेपत नाही आणि कुठलं नुसतं आवडत नाही, यातला फरक मुलाचा त्यालाच कळू लागतो. वीस मिनिटांच्या रकान्यातून तो कधीच कळत नाही.

परदेशातल्या मराठी घराला आणखी एक अडचण असते. शनिवारी इंग्रजी कादंबरीची दोनशे पानं फस्त करणारं मूल ‘फास्टर फेणे’च्या चार पानांवर जोडाक्षरं सोडवत पाव तास बसतं. पानं मोजली की मराठी दर आठवड्याला हरते, आणि हरणारा खेळ मुलं सोडून देतात. म्हणून वहीत पानं मोजूच नयेत. बालभारतीच्या ‘किशोर’च्या जुन्या अंकातली एक गोष्ट ही एक पूर्ण नोंद धरावी. गाडीत ऐकलेलं मराठी पुस्तकही धरावं. त्याला ‘खरं वाचन नाही’ म्हणणाऱ्या आजोबांना प्रेमाने गप्प करावं.

मग मूल काहीच लिहिणार नाही, हा आक्षेप येणारच. पहिला महिना वही कोरी राहीलही. शाळेचा कागद असेल तर तो वेगळा भरावा, वाचलं तेवढंच लिहून. शून्य असेल तर शून्य. जेवताना ‘किती पानं झाली?’ याऐवजी ‘फेणे सुटला का त्यातून?’ असं विचारावं. उत्तर ऐकायला ते पुस्तक आई-बाबांनीही वाचलेलं असावं लागतं, आणि घोडं बहुतेक तिथेच पेंड खातं.

तेव्हा वह्या दोन आणा. दुसरीवर स्वतःचं नाव घाला आणि आज रात्री त्यात पहिली नोंद करा.