‘किंवा त्यासारखे’

२०२० साली बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि आमच्या प्रवासी कंपन्यांना चीनच्या प्रेमाचा एकदम उमाळा आला. अशाच एका कंपनीचे गुळगुळीत माहितीपत्रक या क्षणी माझ्यासमोर आहे. आठ दिवस, चार शहरे : बीजिंग, शिआन, हांगचौ, शांघाय. दोन्ही वेळ भारतीय भोजन, सोबत मराठी बोलणारा मार्गदर्शक. आणि उतरण्याच्या प्रत्येक जागेपुढे बारीक अक्षरांत दोन शब्द : ‘किंवा त्यासारखे’.

माझे भांडण या दोन शब्दांशी आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढ्यात असलेल्या वाचकांसमोर भांडण मांडतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. चकली काही थंड होत नाही.

‘हॉटेल अमुक, किंवा त्यासारखे.’ मुलीला स्थळ सुचवताना ‘मुलगा अमुक, किंवा त्यासारखा’ असे कोणी म्हटले, तर आपण त्याला चहा तरी पाजू काय? पण आयुष्यात एकदा, पै पै साठवून करायच्या प्रवासात मात्र हे आपण निमूट मान्य करतो. बीजिंग म्हणजे काही पेठेएवढे गाव नव्हे. जुन्या शहराची तटबंदी जिथे होती, साधारण त्याच रेषेवरून तिथला दुसरा वर्तुळमार्ग जातो. पाचवा मध्यापासून सुमारे १० किलोमीटर दूर, आणि सहावा त्याच्याही पलीकडे. ‘त्यासारखे’ हॉटेल यांतल्या कोणत्या वर्तुळाबाहेर आहे, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. दुसऱ्या वर्तुळाच्या आत, नगारखान्याच्या बुरुजाभोवतालच्या गल्ल्यांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकाजवळ साधी खोली घेतली, तर सकाळी दार उघडताच शहर भेटते. तिथे या गल्ल्यांना ‘हूथोंग’ म्हणतात. चौकाभोवती चार बाजूंनी खोल्या असलेली तिथली घरे पाहून आपल्या वाड्यांची आठवण यावी. बाहेरच्या वर्तुळावरच्या चार तारांच्या हॉटेलातून सकाळी काय दिसते? बसचा तळ.

माहितीपत्रकातली ‘रेशीम कारखान्यास भेट’, ‘जेड केंद्रास भेट’ ही कलमेही नीट वाचावीत. हा कारखाना बहुधा दुकान असतो. अवास्तव स्वस्तात सहल काढायची आणि दुकानांच्या दलालीतून ती भरून काढायची, हा प्रकार चीनमध्ये इतका माजला होता, की १ ऑक्टोबर २०१३ पासून अमलात आलेल्या पर्यटन कायद्याने त्याला मनाई करावी लागली. शिवाय या सहलीची एक तारीख पाहा : ३० सप्टेंबर. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन. त्या आठवड्यात सारा देश सुटी घेऊन रस्त्यावर असतो. त्या गर्दीत भिंतीवर चढवून आमच्या माणसाला काय दाखवणार? पुढच्याची पाठ.

आता माझी खरी तक्रार. माझे बालपण सोलापुरात गेले. वर्गात मुलांना मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची हकिगत दरवर्षी सांगतो. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांतले दोघे आपले, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. चौघे परतले. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले, आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, वारले. त्यांची समाधी हबै प्रांतात शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात आहे. गेल्या वर्षी एका मुलाने विचारले, “सर, तुम्ही ती पाहिली आहे?” मी नाही म्हणालो. मुलगा गप्प बसला; मला मात्र ते टोचले.

म्हणून मी त्या कंपनीच्या कचेरीत गेलो. बीजिंगपासून हे शहर जेमतेम २८० किलोमीटर, वेगवान गाडीने सव्वा-दीड तासाचे. एक दिवस वाढवा, असे मी सुचवले. टेबलामागच्या तरुणीने यंत्रात पाहिले आणि अदबीने म्हणाली, “सर, ते आपल्या कार्यक्रमात नाही. आणि तिकडे बघण्यासारखं काय आहे?”

तिचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेच नाही. महाराष्ट्रातून माणसे भरभरून चीनला नेणाऱ्या कंपनीला कोटणीस ठाऊक नसावेत, याला काय म्हणावे?

शिआनचेही तेच. तिथे मातीची फौज दाखवतात, ती जरूर पाहावी. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ती सापडली. पण त्याच शहरात ‘रानहंसाचा मोठा मनोरा’ आहे. ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो ६५२ साली बांधला. हा माणूस सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, आणि आमचे लोक उपकार विसरत नाहीत व अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. माहितीपत्रकात या मनोऱ्याला ‘बसमधून दर्शन’! जो माणूस सोळा-सतरा वर्षे वाट तुडवत होता, त्याला आम्ही काचेआडून नमस्कार करणार.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, “शत्रूच्या देशात पैसे कशाला उधळता?” १९६२ मी विसरलेलो नाही; जून २०२० मध्ये गलवानला पडलेले वीस जवानही विसरलेलो नाही. पण शेजारी बदलता येत नाही, आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचे घर पाहिलेले नसावे, हे शहाणपण मला पटत नाही.

स्वतंत्रपणे जाणे अवघड आहे, हा आक्षेप मात्र अर्धा खरा. व्हिसा काढावा लागतो आणि अर्जात कोणत्या रात्री कुठे उतरणार ते लिहावे लागते. लहान हॉटेल परदेशी पाहुणा घेते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. राजवाड्याची तिकिटे पासपोर्टच्या क्रमांकावर आगाऊ काढायची, आणि सोमवारी तो बहुधा बंद. रोख पैशाला दुकानदार कंटाळतात. अलिपेला आपले परदेशी चालणारे कार्ड जोडून न्यावे. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथे चालत नाहीत, तेव्हा नकाशे आणि पत्ते चिनी लिपीत उतरवून घ्यावेत. तिमाही परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला यात भिण्यासारखे काही नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी घरात हरलो. सौभाग्यवती शाकाहारी. “भाजी म्हणून देतील आणि त्यात चरबी असेल,” हे तिचे म्हणणे मला खोडता आले नाही, कारण तसे होते. अखेर बौद्ध मठांजवळची शाकाहारी भोजनालये शोधली, आणि मांस, मासे, चरबी, रस्सा काही नको, असे चिनी लिपीत लिहून घेतले. तो कागद तिने पर्समध्ये ठेवला. माझ्यावर तिचा विश्वास नाही.

तर आमचे ठरले. दिवाळीची सुटी, म्हणजे राष्ट्रीय दिनाची गर्दी ओसरलेली. बीजिंगला पाच रात्री, शिआनला तीन. शांघाय आणि हांगचौ सोडले. पुढल्या जन्मी, किंवा त्यासारखे. शिच्याच्वांगपुढे मी अर्जात ‘एक रात्र’ लिहिले होते. तिने ते खोडून ‘दोन’ केले. “एवढ्या लांब जायचं, आणि धावतपळत नमस्कार करून यायचं?” म्हणाली. स्थानकाजवळच्या हॉटेलने परदेशी पाहुणे घेतो असे कळवले आहे. समाधीवर ठेवायला सोलापूरची एक लहानशी चादर घेऊन झाली. शेंगदाण्याची चटणी नेता येते का, तेवढे तिथल्या जकातीच्या नियमांत पाहून सांगायचे माझ्याकडे राहिले आहे.