दुभाष्याचा पगार कोण देणार?
समजा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपुरातल्या एका कर्णबधिर बाईला पाळीचा त्रास आहे. दवाखान्यात बोलायला सोबत कोण? तिची सातवीतली पोर. आईचं अंगावरून किती जातं, हे त्या लेकरानं अनोळखी डॉक्टरला सांगायचं. रात्री १०८ची रुग्णवाहिका बोलवायची तर शेजाऱ्याचं दार वाजवा. यावरचा उपाय जुनाच आहे: व्हिडिओ कॉलवर मध्ये दुभाषी बसतो, खुणा पाहून पलीकडच्याला बोलून सांगतो, त्याचं बोलणं खुणांनी परत देतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने कर्णबधिरांसाठी फोनवरची मध्यस्थ सेवा टेलिफोन कंपन्यांना बंधनकारक झाली. खर्च कंपन्यांच्या वर्गणीतून चालतो, कर्णबधिराला छदामही पडत नाही. आपल्याकडेही मोबाइल कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के आकारणी होते, ती ‘डिजिटल भारत निधी’साठी. मग त्यातून टॉवर उभे राहतात, तसा दुभाष्याचा पगारही निघू द्या की! दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था २०१५ पासून आहे. पण शिरपूरला मराठी बोलणारा, तिथली अहिराणी निदान समजणारा दुभाषी हवा. निधीतून पगार निघेपर्यंत जिल्हा प्रशासनाने शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात एक टॅब आणि धुळ्यात पगारी दुभाषी, एवढं तरी सुरू करावं.