मंगळावरची 'नगरी' : सरळ रेघ म्हणजे पुरावा नव्हे

१/१०
१९७२ साली 'मरिनर ९' या अमेरिकी यानाच्या छायाचित्रांत मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक विलक्षण आकृती आढळली : एकमेकांना छेदणाऱ्या सरळ उंचवट्यांची जाळी, जणू छप्पर उडालेल्या वाड्यांच्या भिंती. शास्त्रज्ञांनी तिला गमतीने 'इंका सिटी' म्हटले. गंमत विरली, नाव मात्र चिकटले.

२/१०
तीस वर्षांनी, २००२ मध्ये, 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर'च्या छायाचित्रांत भोवतालचा प्रदेशही दिसला. ती 'नगरी' सुमारे ८६ किलोमीटर व्यासाच्या एका वर्तुळाकार रचनेचा तुकडा होती. बहुधा ते उल्कापाताचे जुने विवर असावे. भेगांत शिरलेला पदार्थ कठीण झाला, आजूबाजूचा मऊ थर झिजला आणि भिंती उरल्या. तो पदार्थ लाव्हा की वाळू, यावर मतभेद आहेत. गवंडी कोणीच मानत नाही.

३/१०
याहून गाजला तो 'चेहरा'. २५ जुलै १९७६ रोजी 'व्हायकिंग १'ने सायडोनिया प्रदेशातील सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या एका टेकाडाचे छायाचित्र घेतले. हा सावल्यांचा भास आहे, असे नासाने ते प्रसिद्ध करतानाच सांगितले होते. लोकांनी चित्र उचलले, खुलासा मागे राहिला.

४/१०
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबावे. त्या चेहऱ्याच्या नाकपुडीचा एक भाग म्हणजे प्रक्षेपणात माहिती गहाळ झाल्याने उमटलेला काळा ठिपका होता. बखरीची नक्कल करताना पडलेला शाईचा डाग अक्षर समजून वाचावा, तसाच हा प्रकार. साधनाचा दोष आधी ओळखावा, अर्थ नंतर लावावा.

५/१०
१९९८ मध्ये दसपट स्पष्ट छायाचित्र आले. तेव्हा धुक्याने खुणा झाकल्या असतील, असा आक्षेप निघाला. म्हणून २००१ मध्ये निरभ्र आकाशात पुन्हा छायाचित्र घेतले गेले. दिसले ते झिजलेले टेकाड. आक्षेपाची टर न उडवता दुसरे साधन मिळवले, हीच या प्रकरणातील अनुकरणीय गोष्ट.

६/१०
ही ओढ यानांहून जुनी आहे. १८७७ मध्ये स्क्यापरेल्ली यांनी मंगळावरील रेषांना इटालियन भाषेत 'कनाली' म्हटले. त्या शब्दात नैसर्गिक ओहोळही बसतो; इंग्रजीत मात्र त्याचे 'कालवे' झाले. सुएझ कालवा खुला होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुढे पर्सिव्हल लोवेल यांनी त्या कालव्यांमागे मरू घातलेली एक संस्कृती उभी केली. प्रत्येक काळ मंगळावर आपलेच वैभव शोधतो.

७/१०
निसर्ग मात्र भूमितीत कच्चा नाही. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहावी : लाव्हा थिजताना आकसला, तडकला आणि उभे बहुकोनी खांब तयार झाले. असेच खांब मंगळावरील एका विवराच्या भिंतीतही दिसले आहेत.

८/१०
सर्वांत बोलका पुरावा 'क्युरिऑसिटी' या रोव्हरने २०२१ मध्ये टिपला : गेल विवरातील काही सेंटिमीटरचे षट्कोन. चिखल एकदाच वाळला तर भेगा साधारणतः काटकोनात मिळतात. तो पुनःपुन्हा भिजून वाळला, तर त्यांचे कोन १२० अंशांकडे झुकतात. म्हणजे त्या कोनातच प्राचीन मंगळावरील ओल्या-कोरड्या ऋतुचक्राची नोंद आहे. काल्पनिक नगरीपेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची.

९/१०
आकृती निरर्थक असते, असा याचा अर्थ नाही. हवाई छायाचित्रांतील रेषांवरून पुरातत्त्वज्ञांना खऱ्या वसाहतींचा माग लागतो; पण रेषेपाशी उत्खनन सुरू होते, संपत नाही. मोहेंजोदडो नगर ठरले ते केवळ सरळ रस्त्यांमुळे नव्हे. ठराविक प्रमाणाच्या विटा, गटारे, वजने, मुद्रा यांनी एकमेकींची साक्ष दिली. सायडोनियाच्या चेहऱ्यापाठी एकही साक्षीदार नव्हता.

१०/१०
आज उपग्रहाचा नकाशा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि 'लपवलेली प्राचीन नगरी' रोज सापडते. अशा चित्राला चार प्रश्न विचारावेत. वेगळ्या प्रकाशातले दुसरे चित्र आहे का? चौकटीबाहेर काय आहे? हे निसर्गाला जमते का? आकाराखेरीज दुसरा पुरावा कोणता? उत्तरे मिळेपर्यंत कुतूहल जरूर बाळगावे. इतिहास मात्र लिहू नये.